काळ्या ढालीवर पांढरं बोंड : स्वतःचं कुलचिन्ह आखताना आणि रंगवताना

कुलचिन्ह हातात पेन्सिल घेऊन सुरू करायचं नसतं. ते आधी तोंडाने बोलायचं असतं. उदाहरणार्थ : ‘काळ्या ढालीवर उमललेलं पांढरं बोंड.’ झालं चिन्ह. आता ही ढाल गोल काढा की टोकदार, बोंड फुगीर काढा की चपटं, लाकडावर रंगवा, पत्र्यावर रंगवा की बैलाच्या झुलीवर कापड कापून शिवा. पाच कारागिरांनी पाच तऱ्हेने केलं तरी ते एकच चिन्ह राहतं, कारण वाक्य एकच आहे. युरोपात बाराव्या शतकापासून जी हेराल्ड्रीची, म्हणजे कुलचिन्हांची, विद्या वाढली, तिचा सगळा जीव या वाक्यात आहे. तिकडे त्याला ब्लेझन म्हणतात. आपण चिन्हवाक्य म्हणू.

ही गोष्ट आपल्याला परकी वाटायचं कारण नाही. चंद्रपूरच्या परकोटाला जटपुरा, बिनबा, पठाणपुरा आणि अंचलेश्वर असे चार मोठे दरवाजे आहेत. त्यांवर गोंड राजांचं चिन्ह कोरलेलं आहे : हत्तीवर मात करणारा सिंह. छिन्नी कोणाचीही असो, हत्ती खाली आणि सिंह वरचढ, एवढं पाळलं की ते चांद्याच्या राजाचं चिन्ह झालं. गाविलगडावर तसाच दोन तोंडांचा गंडभेरुंड पक्षी दगडात आहे. घराघरात तर लग्नातलं देवक आहेच. कुणाचं कळंब, कुणाचं मोरपीस, कुणाची पंचपालवी. देवक हे काही ढालीवर रंगवलेलं चित्र नव्हे, पण ‘आमचं अमुक’ हे एका शब्दात सांगता येतं, आणि तो शब्द पिढ्यान्‌पिढ्या टिकतो. तोच गुण कुलचिन्हात हवा.

एक फरक मात्र नीट समजून घ्या. देवक सगळ्या कुळाचं असतं. इंग्लंडच्या पद्धतीतलं ढालीचं चिन्ह एका माणसाचं आणि त्याच्यामागून त्याच्या वारसांचं असतं, आडनावाचं कधीच नसतं. म्हणून ‘तुमच्या आडनावाचं कोट ऑफ आर्म्स’ म्हणून जे चित्र विकलं जातं, त्याला काही अर्थ नाही. आपल्याकडे देशमुख किती आणि वानखडे किती, मोजून पाहा. एका आडनावाची हजारो घरं, त्यांचं एकच चिन्ह कसं असेल? देवक ढालीवर घ्यायचं असेल तर घरातल्या जाणत्या माणसाला विचारून घ्या. गोंड, कोलाम किंवा कोरकू घरात कुळाचं झाड किंवा प्राणी मानायची रीत असेल तर तिथे ही विचारणा जास्तच जरुरीची, कारण ते चिन्ह एकट्याच्या मालकीचं नसतं.

भारतात चिन्हं देणारी किंवा नोंदवणारी सरकारी कचेरी नाही. लंडनचं कॉलेज ऑफ आर्म्स 1484 पासून आहे, पण त्याचा आपल्याशी संबंध नाही. इथे माणूस स्वतःच चिन्ह धारण करतो. 1877 च्या दिल्ली दरबारात इंग्रजांनी संस्थानिकांना निशाणं वाटली, त्यांवरच्या ढाली रॉबर्ट टेलर या मुलकी अधिकाऱ्याने आखल्या होत्या. आपल्या संस्थानिकांच्या चिन्हांत जो विलायती बाज दिसतो तो बराचसा तिथून आला. त्यांची नक्कल करू नका. मुकुट, शिरस्त्राण, दोन बाजूंना उभे सिंह हे शेतकऱ्याच्या, मास्तरांच्या किंवा डॉक्टरीणबाईंच्या दारावर शोभत नाहीत आणि त्यांची गरजही नसते. चिन्ह म्हणजे ढाल. बाकी सगळं वरचं सजावटीचं.

ढालीवर काय घ्यावं? साधी, रोजची, हाताखालची वस्तू. हैदराबादच्या निजामाच्या पिवळ्या निशाणावर मधोमध कुलचा होता, म्हणजे एक रोटी. पहिल्या निजामाला एका फकिराने कुलचे खाऊ घातले अशी त्यामागची आख्यायिका. याच निजामाने 1724 मध्ये बुलडाण्याकडच्या साखरखेर्ड्याला मुबारिजखानाचा पराभव करून दख्खन हाती घेतली. एवढ्या मोठ्या राज्याला रोटी चालली, तर आपल्याला तिफण का चालू नये? विदर्भातल्या चिन्हांची यादी करायला बसलं तर संपत नाही : पऱ्हाटीचं बोंड, तुरीची शेंग, डवरा, तिफणीचे तीन फण, बंडीचं चाक, मोहाचं फूल, संत्रा, गोंदियाकडचा सारस, मेळघाटातला रानगवा, वर्धेकडचा पांढरा गवळाऊ बैल.

यात पळसाचं पान मला सगळ्यात सुंदर वाटतं. पळसाला पानं तीनच, हे आपण म्हणीत वापरून गुळगुळीत केलं आहे, पण चित्रकाराच्या नजरेने ते पान पाहा. मधलं पान सगळ्यात मोठं, देठाकडे निमुळतं आणि टोकाला बोथट. बाजूची दोन पानं तिरकी, म्हणजे त्यांची एक बाजू दुसरीपेक्षा रुंद. या तिरकेपणामुळेच ते पळस दिसतं. तीनही पानं सारखी गोल काढली की ते क्लोव्हर होतं, पत्त्यातला किल्वर. युरोपी ढालींवर ते शेकड्यांनी आहे. दोन बाजूंची पानं तिरकी ठेवा आणि मधल्या पानाला रुंदी द्या, म्हणजे लांबूनसुद्धा आपल्या रानातलं ओळखू येईल.

बोंडाचंही तसंच. देशी कपाशीच्या बोंडात बहुधा तीन-चार कप्पे, अमेरिकन जातीत चार-पाच. ढालीसाठी पाच घ्या : एक मधे वर, दोन दोन बाजूंना, प्रत्येक कापसाचा लोळ भरीव, एकमेकांपासून बारीक काळ्या रेषेने तोडलेला. खाली वाळलेल्या टरफलाची टोकं बाहेर वळलेली दाखवायची. टोकंही पाचच, कारण जितके कप्पे तितकी टोकं. इथे चूक होते ती अशी : कापूस खरा वाटावा म्हणून कडा मऊ, विस्कटलेल्या, धुरासारख्या करतात. जवळून छान दिसतं, वीस पावलांवरून ढग दिसतो. ढालीवर कडा ठाम हवी. कापसाचा मऊपणा फुगीर आकारातून यायला हवा, कडेच्या धुसरपणातून नव्हे.

आता रंग. नियम एकच आहे आणि तो पाळला की निम्मं काम झालं. पांढरा आणि पिवळा हे दोन ‘धातू’, म्हणजे चांदी आणि सोनं. तांबडा, निळा, काळा, हिरवा, जांभळा हे पाच ‘रंग’. धातूवर रंग ठेवा किंवा रंगावर धातू ठेवा. रंगावर रंग नको, धातूवर धातू नको. कारण निव्वळ दिसण्याचं आहे. एक उजळ, एक गडद, म्हणजे धुळीत, तिन्हीसांजेला, धावत्या ट्रॉलीवर सुद्धा वाचता येतं. काळ्या ढालीवर पांढरं बोंड चालतं, आणि काळी कसदार जमीन नि कापूस दोन्ही त्यात येतात. पिवळ्या ढालीवर हिरवं पळसपान चालतं. हिरव्या ढालीवर तपकिरी बैल चालत नाही. तो कितीही सुबक काढा, रस्त्यावरून झुडूप दिसेल. वाघाच्या बाबतीत ही चूक फार होते. हिरवं जंगल आणि त्यात पट्टेरी वाघ, खऱ्या रंगात. जंगलात वाघ दिसू नये म्हणूनच ते पट्टे असतात. ढालीवर तो दिसायला हवा, म्हणून काळ्यावर पिवळा किंवा पांढऱ्यावर तांबडा घ्या.

नियमाला सूट आहे ती लहान अवयवांना. शिंगं, नखं, जीभ, खूर वेगळ्या रंगाचे करता येतात. ‘काळ्या ढालीवर पांढरा बैल, शिंगं तांबडी.’ तांबड्या शिंगांचं टोक काळ्यावर पडलं तरी चालतं. पोळ्याला हिंगूळ लावलेली शिंगं डोळ्यासमोर आणा. तपकिरी आणि नारिंगी रंग जपून वापरा. संत्रा घ्यायचा असेल तर नारिंगी गोळा पांढऱ्यावर ठेवा. पिवळ्यावर तो विरघळतो.

वाक्य बांधायचा क्रम ठरलेला आहे. आधी ढालीचा तळ, मग मुख्य चिन्ह, मग सोबतची चिन्हं, मग चिन्हावर काही असेल तर ते, शेवटी काठ. वरच्या पट्ट्याला माथा म्हणा, आडव्याला आडपट्टा, कडेला साडीसारखा काठ. ‘पिवळ्या ढालीवर तीन हिरवी पळसपानं, दोन वर एक खाली, काठ तांबडा.’ फोनवर हे वाक्य सांगितलं आणि समोरच्याने काढलेलं चित्र तुमच्या मनातल्यासारखं निघालं, तर वाक्य पक्कं. दोनदा समजावून सांगावं लागलं तर चिन्हात गर्दी आहे. विहीर, देऊळ, ट्रॅक्टर, आजोबांचं नाव, स्थापनेचं साल हे सगळं एकाच ढालीवर मागणारे खूप असतात. एक मुख्य वस्तू, फार तर सोबत दुसरी, आणि रंग दोन किंवा तीन. अक्षर तर नकोच. नाव लिहायचं तर चिन्ह कशाला? बोधवाक्य हवं असेल तर ढालीखाली वेगळी पट्टी करा. ती उद्या बदलली तरी चिन्ह बदलत नाही.

उजवं-डावं समजून घ्या, इथे भले भले चुकतात. ढालीची उजवी बाजू म्हणजे ती हातात धरलेल्या माणसाची उजवी, पाहणाऱ्याची डावी. प्राण्याचं तोंड ढालीच्या उजवीकडे, म्हणजे आपल्याला पाहताना डावीकडे. हे घराच्या दारावर ठीक. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर मात्र दोन बाजू असतात. ट्रॉलीच्या डाव्या फळीवर बैल पुढे पाहतो आणि उजव्या फळीवर तोच नमुना लावला तर बैल मागे पाहत, उलटा चालल्यासारखा दिसतो. म्हणून उजव्या फळीवर चित्र पालटून काढायचं. पोळ्याच्या झुलीवरही हेच, दोन्ही अंगांना तोंड बैलाच्या तोंडाकडे. खाका, म्हणजे चित्र उतरवायचा भोकं पाडलेला कागद, दोन्ही बाजूंनी वापरता येतो, त्यामुळे जास्तीचं काम पडत नाही.

काही गोष्टी ढालीवर आणूच नका. अशोकस्तंभाचे सिंह खाजगी चिन्हात वापरणं 2005 च्या कायद्याने मना आहे. दोन वर्षांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. पांढऱ्यावर तांबडा क्रॉस 1960 च्या जिनिव्हा करार कायद्याखाली राखीव आहे. तो दवाखान्याच्या पाट्यांवर सर्रास दिसतो म्हणून मोकळा आहे असं नाही. आणि गावात राहायचं असेल तर कमळ, हात, घड्याळ, धनुष्यबाण, मशाल, हत्ती यांपासून दूर राहा. तुमचा हेतू काहीही असो, निवडणुकीच्या दिवसांत लोक त्याचा एकच अर्थ घेणार.

भावांचं काय, हा प्रश्न वाटणीनंतर येतोच. इंग्लंडात थोरल्याच्या ढालीवर वर एक दातेरी पट्टी, दुसऱ्याला चंद्रकोर, तिसऱ्याला तारा अशी रीत आहे. वडील गेल्यावर थोरल्याची पट्टी निघते आणि मूळ ढाल त्याच्याकडे येते. आपल्याकडे मला काठाचा उपाय सोपा वाटतो. थोरल्याची ढाल साधी, दुसऱ्याच्या ढालीला पिवळा काठ, तिसऱ्याच्या ढालीला पांढरा. रंगावर रंग नको हा नियम काठालाही लावला की लांबून ओळख पटते. बहिणीलाही तिची ढाल, तिचा काठ. सासरी गेली म्हणून चिन्ह सोडायचं कारण नाही.

ढालीचा आकार. टोकदार ढाल खिळा आणि सुतळीने आखता येते. वरची रेघ 12 इंच घ्या. दोन्ही टोकांपासून सरळ खाली 4 इंच उतरा आणि तिथे खुणा करा. आता एका खुणेवर खिळा ठेवून 12 इंच सुतळीने दुसऱ्या खुणेपासून खाली कमान ओढा, मग खिळा त्या दुसऱ्या खुणेवर नेऊन तसंच करा. दोन कमानी खाली जिथे भेटतात ते टोक. पूर्ण उंची जवळपास 14 इंच 3 सूत येते (एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग). तीन वस्तू ‘दोन वर एक खाली’ बसवायला हा आकार नेमका आहे. एकच वस्तू असेल तर आपली गोल ढाल घ्या. मराठ्यांची ढाल गोलच होती, त्यात बोंड किंवा चाक फार छान बसतं. चिन्ह ढाल भरून असावं, कडेला बोटभर जागा सोडून. मधोमध लहानसं चित्र आणि भोवती माळरान, ही सगळ्यात जास्त दिसणारी चूक. आखणी झाली की तीच आखणी रुपयाच्या नाण्याएवढी करून पाहा. तिथे ओळखू आलं तर ते सगळीकडे ओळखू येईल.

लग्नपत्रिकेवर किंवा रबरी शिक्क्यावर एकच शाई असते, तेव्हा रंग रेघांनी दाखवतात. ही पद्धत 1638 मध्ये पेत्रा सांक्ता या जेझुइट पाद्रीने ग्रंथात मांडली आणि अजून चालते. पिवळ्याला ठिपके, पांढरं कोरं, तांबड्याला उभ्या रेघा, निळ्याला आडव्या, काळ्याला उभ्या-आडव्या जाळीच्या, हिरव्याला ढालीच्या वरच्या उजव्या कोपऱ्यातून खाली डावीकडे तिरक्या. उजवं-डावं इथेही ढालीचंच. विहिरीच्या दगडावर कोरायचं असेल तर हीच पद्धत वापरा, दगडात रंग टिकत नाही.

आता लाकूड. दारावर लावायच्या फळीला सागवान उत्तम. वजनाने हलकं हवं असेल तर शिवण, ती कमी वाकते. जाडी सहा सूत. प्लायवूड घ्यायचं तर आय.एस. 710 शिक्क्याचं. साधं 303 पावसाळ्यात कडेने सुटतं. फळी 120 नंबरच्या पॉलिश पेपरने आणि मग 220 ने घासा, नेहमी रेषांच्या दिशेने. गाठी असतील तर त्यांवर चपडीचा हात द्या, नाहीतर गाठीतला डिंक वर्षभरात पिवळा डाग बनून वर येतो. 100 ग्रॅम चपडी अर्धा लिटर स्पिरिटमध्ये रात्रभर भिजवली की पुरे. चपडी म्हणजे पळसावर, कुसुमावर येणारी लाख. भेगांत लांबी भरा. बाजारची चालते, पण जवसाचं उकळलेलं तेल आणि खडूची पूड कणकेसारखी मळून केलेली लांबी लाकडाबरोबर हलते, सुटत नाही. ती सुकायला आठवडा लागतो, तेवढा द्या. मग प्रायमरचे दोन हात, मधे एक दिवस आणि हलका पेपर. फळीच्या कडा आणि पाठ विसरू नका. समोरच्या चार हातांनी काही होत नाही, पाणी मागूनच शिरतं.

पत्र्यावर करणार असाल तर एक गोष्ट जपा. नव्या जी.आय. पत्र्यावर सरळ ऑइल पेंट लावलं तर वर्ष-दोन वर्षांत ते पापुद्र्यासारखं निघतं. रंगातलं तेल जस्ताशी मिळून साबण बनवतं आणि तो रंगाला धरू देत नाही. आधी साबणाच्या पाण्याने तेलकटपणा धुवा, पत्रा सुकला की वॉश प्रायमर म्हणजे एच प्रायमरचा एक पातळ हात द्या, मग नेहमीचा प्रायमर. जुना, पाऊस खाऊन निस्तेज झालेला पत्रा त्या मानाने रंग चांगला धरतो.

रंग किती लागतो? 12 इंची ढालीचं क्षेत्र एक चौरस फुटापेक्षा थोडं कमी, आणि एक लिटर एनॅमल, म्हणजे ऑइल पेंट, एका हातात शंभरेक चौरस फूट व्यापतं. म्हणजे 50 मिलीचा सगळ्यात छोटा डबाही पाच-चार हातांना पुरतो. प्रत्येक रंगाचा एक डबा घ्या आणि पैसे ब्रशवर खर्च करा. तळासाठी एक इंची सपाट, आकारांसाठी 4 आणि 8 नंबरचे गोल, रेघेसाठी लांब केसांचा लायनर. मुंगसाच्या केसांचे ब्रश कुणी देऊ केले तर घेऊ नका. वन्यजीव कायद्याने त्यांचा व्यापार बंद आहे, आणि आताचे सिंथेटिक ब्रश एनॅमलला पुरेसे आहेत. रंग पातळ करायला टर्पेन्टाइनच. एन.सी. थिनर घातला की खालचा हात उकलतो आणि सुरकुत्या पडतात.

चित्र उतरवायला खाका करा. कागदावर आखलेल्या रेघांवर सुईने दर एक सूतभर भोकं पाडा, कागद फळीला चिकटपट्टीने बसवा, मलमलच्या पुरचुंडीत कोळशाची बारीक पूड बांधून भोकांवर हलकेच आपटा. काळ्या तळावर उतरवायचं असेल तर खडूची पूड. कागद उचलला की ठिपक्यांत चित्र उमटतं. हा कागद जपून ठेवा, ट्रॉलीला, झुलीला, तान्ह्या पोळ्याच्या लाकडी बैलाला तोच उपयोगी पडेल.

रंग लावताना जे बिघडतं, त्यात तांबड्याचा त्रास सगळ्यात मोठा. तांबड्या तळावर पांढरं चिन्ह काढलं आणि दोन दिवसांत ते गुलाबी झालं, हे पुष्कळांच्या नशिबी येतं. काही तांबडी रंगद्रव्यं वरच्या ओल्या रंगातल्या टर्पेन्टाइनमध्ये विरघळून वर चढतात. पांढऱ्याचा तिसरा, चौथा हात दिला तरी ते चढतच राहतं. उपाय दोन. एक, चिन्हाची जागा पांढऱ्या प्रायमरवर तशीच मोकळी ठेवायची आणि तांबडा भोवतीने भरायचा. दोन, तांबडा पूर्ण सुकल्यावर त्यावर पातळ चपडीचा एक हात, मग पांढरा. मला पहिली रीत जास्त खात्रीची वाटते. पिवळ्यालाही ती लागू पडते. पिवळा अंगाने झिरझिरीत, काळ्यावर दिला की हिरवट दिसतो. त्याच्याखाली पांढरं असलं की उजळ राहतो.

तांबड्याचा दुसरा त्रास उन्हाचा. पश्चिमेच्या दारावर भडक तांबडा तीन-चार उन्हाळ्यांत विटक्या गुलाबीवर येतो. रेड ऑक्साइडचा, म्हणजे गेरूच्या जातीचा तांबडा विटत नाही. थोडा विटकरी दिसतो, पण वाक्यात ‘तांबडा’ एवढंच लिहिलेलं असल्याने चिन्ह तेच राहतं.

सोनेरी पावडरचा मोह टाळा. ती पितळेची पूड असते, वर्षात काळपट हिरवी पडते. पिवळा रंग म्हणजेच सोनं, दोन्हींचा दर्जा सारखा. खरंच सोनं हवं असेल तर खरा वर्ख लावा. चिन्हावर ऑइल साइझचा, म्हणजे वर्ख चिकटवायच्या तेलकट लेपाचा, पातळ, एकसारखा हात द्या आणि वाट पाहा. बोटाचं पेर टेकवल्यावर चिकटून टचकन आवाज येऊन सुटलं पाहिजे, बोटाला काही लागता कामा नये. ओल्यावर वर्ख ठेवला तर तो बुडतो, निस्तेज होतो. उशीर झाला तर धरत नाही. पंखा बंद, दारं लावलेली. चांदीचा वर्ख हवेतल्या गंधकाने काळा पडतो, म्हणून चांदीच्या जागी सरळ पांढरा वापरा.

सगळं भरून झालं की शेवटी काळी बाह्यरेषा. 12 इंची ढालीला एक सूत जाडीची, आतल्या घड्यांना अर्धा सूत. रंग दुधाइतका सरसरीत हवा. हात मनगटापासून नव्हे, खांद्यापासून हलवा, करंगळी आधाराच्या काठीवर टेकवून. काळ्या तळावर अर्थातच बाहेरची रेष लागत नाही, आतल्याच लागतात.

आपल्या हवेत वेळ महत्त्वाची. दिवाळी ते होळी हा रंगाचा हंगाम. मे महिन्यात 45 अंशांत वरची साय पटकन धरते, आतला रंग ओला राहतो आणि जाड हात असेल तर सुरकुततो. शिवाय धूळ. पावसाळ्यात सुकतच नाही. हिवाळ्यातसुद्धा सकाळी नऊनंतर दव उडाल्यावर सुरू करा आणि दुपारी एकला थांबा. चारनंतर लावलेल्या रंगावर रात्रीचं दव बसलं की चकाकी मरते, सकाळी ढाल राखेसारखी दिसते. तसं झालंच तर चोवीस तास सुकू द्या, ओल्या 400 नंबर पेपरने हलकं घासा आणि एक पातळ हात पुन्हा द्या.

मातीच्या किंवा चुन्याच्या भिंतीवर काढायचं असेल तर एनॅमल नको. भिंतीतली ओल कोंडते आणि रंग फुगून पडतो. तिथे चुन्याला न बिघडणारेच रंग वापरा : गेरू, पिवळी माती, काजळी, नीळ. हिरवा हवा तर पिवळ्या मातीत नीळ मिसळा. दोन वर्षांनी पुन्हा हात द्यावा लागेल, तो देता येतो, खाका आहेच.

फळी भिंतीला चिकटवून ठोकू नका. मागे चार कोपऱ्यांत चार सूत जाडीच्या गुटक्या द्या, म्हणजे हवा खेळेल, ओल साचणार नाही, वाळवीलाही आडोसा मिळणार नाही. वर लहानसं छज्जं असेल तर रंगाचं आयुष्य दुप्पट. ठोकण्याआधी फळी पालथी घाला आणि पाठीवर काळ्या रंगाने चिन्हवाक्य पूर्ण लिहा, खाली रंगवल्याची तारीख आणि वापरलेल्या डब्यांवरचे रंगांचे नंबर. अक्षर सुकलं की त्यावर चपडीचा एक हात.